आपला ल्युपस आपल्याच तोंडाने सांगावा

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, सौकारपेठेच्या गल्ल्यांत, सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी आटवणारी घरं आहेत. आमचं त्यांतलंच. ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार, मला शाळेत असतानाच झाला. एग्मोरचं मुलांचं सरकारी रुग्णालय आणि सेंट्रल स्टेशनसमोरचं जनरल हॉस्पिटल यांच्यात अंतर फारसं नाही. पण मुलांच्या डॉक्टरांकडून मोठ्यांच्या संधिवात विभागात जायचं, तर तयारी लागते. जे उपयोगी पडलं ते सांगते.

१. चौकशी लवकर करा. लहानपणचा ल्युपस बहुधा अकरा-बाराव्या वर्षाच्या आसपास सुरू होतो, आणि बऱ्याच सरकारी रुग्णालयांत बालविभागाची हद्द १२ वर्षांवर संपते. म्हणून निदान झाल्या झाल्या विचारा, पुढे कोण बघणार?

२. फाईलवर एक पान लावा. निदानाचं वर्ष, किडनी बायोप्सीचा वर्ग, सगळ्या गोळ्या मिलिग्रॅमसकट, न सोसलेली औषधं, रक्तातल्या सी-३, सी-४ चे आणि लघवीतल्या प्रथिनांचे शेवटचे आकडे. सोनं आटवायला घेताना आप्पा आधी वजन लिहून ठेवतात. डॉक्टर बदलतानाही तसाच चोख हिशेब हवा.

३. उत्तर स्वतः द्या. नव्या ओपीडीत डॉक्टरांनी तमिळमध्ये विचारलं, "सकाळी बोटं किती वेळ आखडतात?" आई सवयीने पुढे झाली. डॉक्टर माझ्याकडेच बघत राहिल्या. मी म्हणाले, "अर्धा तास." पुढच्या खेपेपासून आई बाहेर बाकावर बसू लागली, आणि पाळीबद्दलचे प्रश्न मला मोकळेपणी विचारता आले.

४. दोन डॉक्टरांच्या मधल्या दिवसांत गोळ्या संपू देऊ नका. जुनी चिठ्ठी संपते, नवी तारीख लांबची मिळते. स्टेरॉइड एकाएकी बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. चेहरा सुजतो म्हणून कॉलेजच्या मुली ते गुपचूप सोडतात. त्यापेक्षा डॉक्टरांना सांगा, डोस हळूहळू उतरवता येतो.

५. बरं वाटत असलं तरी लघवी तपासा. लहानपणी सुरू झालेला ल्युपस मूत्रपिंडाला जास्त वेळा धरतो, आणि मूत्रपिंड दुखून सांगत नाही. रक्तदाबही मोजून घ्या. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन ही ल्युपसची गोळी घेणाऱ्यांनी सुरुवातीला एकदा आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासायचा असतो. आपली ती ५ वर्षं भरेपर्यंत बहुधा डॉक्टर बदललेले असतात. म्हणून गोळी कधी सुरू झाली ते फाईलवरच्या त्या पानावर लिहाच.

६. लग्नाचं बोलणं निघण्याआधी मुलांबद्दल बोला. मायकोफिनोलेट या ल्युपसच्या औषधाने पोटातल्या बाळाला अपाय होतो. ते गर्भधारणेच्या किमान ६ आठवडे आधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलावं लागतं. आजार त्याआधी किमान ६ महिने शांत असावा. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन मात्र सहसा चालूच ठेवतात. ल्युपस असलेल्या पुष्कळ बायका नीट आखणी करून आई होतात. गावाकडून स्थळ येईल तेव्हा हे मुलीला स्वतःला ठाऊक असलं पाहिजे.

आईवडिलांनो, पोरीला एकटी पाठवा असं मी म्हणत नाही. सोबत जा, रांगेत उभे राहा, औषधं आणा. फक्त डॉक्टरांसमोर तिला बोलू द्या. हा आजार तिला जन्मभर सांभाळायचा आहे. त्याची खडान्‌खडा माहिती घरात सगळ्यांत जास्त तिलाच हवी.