दवबिंदूची बियांपासून लागवड : उपनगरातील घरे व शाळांसाठी

घटपर्णी, व्हीनसचा सापळा आणि दवबिंदू ही नावे आपल्या शाळांतील विद्यार्थ्यांना परिचित असतात. कीटकभक्षी वनस्पतींवरील प्रश्न आला की ती उत्तरपत्रिकेत उतरतात. परंतु यांपैकी एखादी वनस्पती जिवंत पाहिलेला विद्यार्थी विरळा, आणि खरे सांगावयाचे तर शिक्षकही विरळाच. वास्तविक अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड येथील सदनिकेच्या खिडकीतही यांपैकी एक वनस्पती बियांपासून वाढविता येते. ती म्हणजे दवबिंदू. तिचे शास्त्रीय नाव ड्रॉसेरा बर्मानी.

ही वनस्पती परदेशी नव्हे. सह्याद्रीच्या जांभ्या खडकाच्या पठारांवर पावसाळ्यात ती उगवते. साताऱ्याजवळील कासच्या पठारावर दवबिंदू, तिची भगिनी ड्रॉसेरा इंडिका आणि 'सीतेची आसवे' या सुंदर नावाने ओळखली जाणारी युट्रिक्युलॅरिया या तिन्ही वनस्पती आढळतात. पश्चिम घाटातील जी स्थळे २०१२ साली जागतिक वारसा म्हणून घोषित झाली, त्यांत कासचा समावेश आहे.

या वनस्पती कीटक का पकडतात, हे समजून घेतल्याशिवाय त्यांची लागवड साधत नाही. सड्यावरील मातीचा थर अत्यंत पातळ असतो आणि मुसळधार पावसाने त्यातील नत्र व स्फुरद वाहून जातात. वनस्पती हिरवी असल्याने आपले पिष्टमय अन्न सूर्यप्रकाशात स्वतःच तयार करते. उणीव असते ती नत्राची व स्फुरदाची, आणि ती कीटकांपासून भरून काढली जाते. म्हणजे कीटक हे तिचे जेवण नसून एका अर्थी तिचे खत होय. हे ध्यानी घेतले की लागवडीचा पहिला नियम आपोआप स्पष्ट होतो : कुंडीत कोणतेही खत घालावयाचे नाही. शेणखत, गांडूळखत वा युरिया, काहीही घातले तरी मुळे जळून रोप मरते. बागकामाची उत्तम सवय असणारी मंडळीच येथे प्रथम चुकतात.

माध्यम म्हणून स्फॅग्नम शेवाळाचे पीट व धुतलेली जाड वाळू समभाग घ्यावी. पीट मोठ्या रोपवाटिकांत मिळते. ते न मिळाल्यास नारळाच्या काथ्याचा भुसा चालतो, पण त्यात क्षार असतात. म्हणून तो पावसाच्या पाण्यात भिजवून, पिळून, पुन्हा भिजवावा आणि असे पाचसहा वेळा करावे. वाळूच्या बाबतीत उपनगरवासीयांनी विशेष दक्षता घ्यावी. बांधकामावरील वाळू पुष्कळदा खाडीची असते व तीत मीठ असते. जुहू वा गोराईच्या किनाऱ्यावरील वाळूचे तर नावही काढू नये. वाळूवर थोडा व्हिनेगर टाकल्यास बुडबुडे आले तर तीत शिंपल्यांचा चुना आहे असे समजून ती टाकून द्यावी.

पाणी हा दुसरा कळीचा मुद्दा. कूपनलिकेचे किंवा टँकरचे क्षारयुक्त पाणी काही आठवड्यांत रोप संपविते. सर्वांत उत्तम पाणी पावसाचे, आणि ते मुंबईत चार महिने फुकट मिळते. पहिल्या एकदोन सरींनी छपरे धुऊन निघाली की स्वच्छ बादलीत पाणी धरून झाकणाच्या बाटल्यांत भरून ठेवावे. एका कुंडीस हिवाळाभर पुरेल इतके पाणी दहाबारा बाटल्यांत सहज मावते. ते संपल्यास ऊर्ध्वपातित पाणी वापरावे.

आता बियांविषयी. दवबिंदूचे बी म्हणजे जवळजवळ काळी धूळच. कागदाला मधोमध घडी घालून तीत बी घ्यावे आणि कागदाला बोटाने हलकेच टिचकी मारीत ते ओल्या माध्यमावर पसरावे. त्यावर माती मुळीच टाकू नये, कारण या बियांना रुजण्यासाठी प्रकाश लागतो. वरून पाणी ओतल्यास बी एका कोपऱ्यात वाहून जाते. म्हणून कुंडी उथळ ताटलीत ठेवून पाणी खालूनच द्यावे. तोंडावर काच किंवा पारदर्शक झाकण ठेवावे व दिवसातून एकदा काही वेळ उघडून हवा खेळू द्यावी, नाही तर बुरशी येते. साधारणतः दोन ते चार आठवड्यांत टाचणीच्या डोक्याहून लहान अंकुर दिसतात. त्यावरही भिंगातून पाहिल्यास चिकट थेंब चमकताना आढळतात. मुलांना दाखवावा असा हा क्षण असतो.

पेरणी केव्हा करावी? निसर्गात बी उन्हाळाभर कोरडे पडून राहते आणि पावसात रुजते. घरात मात्र जून-जुलैमध्ये पेरण्याचा मोह टाळावा असे माझे मत आहे. त्या काळात खिडकीत ऊन येत नाही आणि बुरशी फार. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ बरा. पूर्वेकडील खिडकीत चार तास सकाळचे ऊन मिळाले की पाने लालसर होतात व थेंब भरपूर येतात. पाने हिरवीच राहून थेंब आटले, तर ऊन कमी पडते असे समजावे.

ताटलीतील पाण्याबाबत एक सूचना महत्त्वाची आहे. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडीस डासाची पैदास होते, आणि उपनगरांत हा प्रश्न गंभीर आहे. पाणी एक सेंटिमीटरहून अधिक ठेवू नये, आठवड्यातून एक दिवस ताटली कोरडी करून घासावी. दवबिंदू लावल्याने घरातील डास कमी होतात ही समजूत चुकीची आहे. तिच्या दोनतीन सेंटिमीटरच्या चक्राकार पर्णसंभारात अडकतात ती चिलटे.

रोप मोठे झाले की शिक्षकांना एक सोपा प्रयोग करता येईल. चार्ल्स डार्विन यांनी १८७५ साली प्रसिद्ध झालेल्या कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथात असे अनेक प्रयोग नोंदविले आहेत. एका पानावर उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचा कण, दुसऱ्यावर वाळूचा कण ठेवावा आणि तिसऱ्यावर पाण्याचा थेंब टाकावा. पानावरील केसर कोठे वळतात, किती वेळ वळलेले राहतात, याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी. पावसाच्या थेंबाला ही वनस्पती फसत नाही, हे डार्विन यांना आढळले होते. धो धो पावसात वाढणाऱ्या वनस्पतीच्या दृष्टीने त्याचे महत्त्व विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येईल.

व्हीनसच्या सापळ्याची मागणी अधिक असते, परंतु तिला थंड हिवाळ्यातील विश्रांती लागते आणि ती मुंबईत मिळत नाही. बियांपासून पूर्ण वाढ होण्यास तीन ते पाच वर्षे लागतात. शिवाय बियांच्या नावाखाली फसवणूकही होते. प्रस्तुत लेखकाने एकदा रंगीत चित्राचे असे पाकीट हौसेने घेतले होते. त्यातून दीड महिन्याने उगवले ते माठासारखे तण.

यामुळेच 'सड्यावरूनच रोप आणू' असा विचार सहलीत अनेकांच्या मनात येतो. तो कटाक्षाने टाळावा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कोणतीही वनस्पती उपटून नेणे हा १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमान्वये गुन्हा आहे. मेघालयातील घटपर्णीस तर त्या अधिनियमाने विशेष संरक्षण दिले आहे. उपटलेली रोपे जगतही नाहीत, आणि वर्षायु वनस्पतीचे रोप बी धरण्यापूर्वी उपटले की त्या जागी पुढल्या पावसाळ्यासाठी बी पडत नाही. सह्याद्रीतील व कोकणातील पंचायत सदस्यांनीही एक गोष्ट पाहावी. गावचा सडा कागदोपत्री पडीक म्हणून नोंदलेला असतो आणि वृक्षारोपणाचे उद्दिष्ट पुरे करण्यासाठी तेथेच खड्डे घेतले जातात. खडकात झाड तर धड वाढत नाहीच, पण पाणथळ पातळ थर मोडून ही सगळी सृष्टी जाते. खड्डे मारण्यापूर्वी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकदा सड्यावर गुडघे टेकून पाहावे.

घरचे बी मिळविणे कठीण नाही. रोपवाटिकेत वाढविलेल्या रोपाचे बी एकदा मिळाले की दवबिंदू स्वपरागणाने दरवर्षी भरपूर बी धरते. फुलांचा दांडा वाळून तपकिरी झाला की खाली पांढरा कागद धरून बोंडे झाडावीत, बी कागदाच्या पुडीत बांधून त्यावर तारीख लिहावी आणि पुडी कोरड्या बाटलीत घालून शीतकपाटात ठेवावी. एका रोपाचे बी संपूर्ण वर्गाला वाटण्याइतके होते.