झाकली मूठ आणि उघडी वही



शिरूर किंवा दौंडसारख्या गावच्या शाळेत विज्ञानाचा तास रंगात आला, की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो : "सर, संशोधन करायचे तर मोठे शहर लागते, मोठी प्रयोगशाळा लागते. इथे बसून एखाद्याने काही शोधून काढले, तरी त्याला विचारणार कोण?"

प्रश्न रास्त आहे. शोध लावणे हे एक काम. तो शोध जाणकारांपर्यंत पोहोचवणे आणि त्यांचा विश्वास मिळवणे हे दुसरे काम. पाठ्यपुस्तकांत पहिल्या कामाबद्दल पुष्कळ वाचायला मिळते, दुसऱ्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. या लेखात आपण दुसऱ्या कामाचा विचार करू.

व्यवहारात आपण म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. विज्ञानात मात्र झाकल्या मुठीची किंमत शून्य असते. मूठ उघडून आत काय आहे ते सर्वांना दाखवावे लागते. एवढेच नव्हे, तर "घ्या, तुम्हीच मोजून पाहा" असेही म्हणावे लागते. संशोधकाचे नाव कसे होते, याचे उत्तर या एका वाक्यात आहे. आता ते उदाहरणाने समजावून घेऊ.

देवळालीचे मास्तर

दौंड जंक्शनवरून एक लोहमार्ग उत्तरेला मनमाडकडे जातो. तो १८७८ साली सुरू झाला. मनमाडला गाडी बदलून मुंबईच्या दिशेने निघालो, की नाशिकरोडच्या पुढे देवळाली हे स्टेशन लागते. या देवळालीत १९३० ते १९६२ या काळात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे एक शाळाशिक्षक राहत होते. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूचा. शिक्षण ठाण्याला आणि मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ साली त्यांना गणितातील स्वतंत्र लेखनासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले होते. पुढे १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. त्यापुढची कोणतीही पदवी त्यांच्याजवळ नव्हती. संशोधन संस्थेची नोकरी नव्हती, सहायक नव्हते. साधने म्हणजे कागद, पेन्सिल आणि अंक.

त्यांनी काय शोधले ते आपण करूनच पाहू. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नसावेत. मघाशी दौंड–मनमाड मार्गाचे साल आले होते, तेच घेऊ : १८७८. यातील अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. उत्तर येईल त्यावर पुन्हा तीच क्रिया करा.

८८७१ − १७८८ = ७०८३
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४
७६४१ − १४६७ = ६१७४

शेवटच्या ओळीत पुन्हा ६१७४ च आले. आता कितीही वेळा करा, ६१७४ तुम्हाला सोडणार नाही. आरंभीची संख्या कोणतीही घेतली, तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. (मधे एखादे उत्तर तीन अंकी आले, तर त्याच्या आधी शून्य लिहून ते चार अंकी करायचे.) हा गुणधर्म कापरेकरांना १९४६ साली आढळला. आज जगभर ही संख्या 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते.

त्यांनी नेमके काय केले?

शोध वहीत लिहून कापरेकर थांबले असते, तर आज आपण त्यांचे नाव घेतले नसते. त्यांनी पुढे काय केले ते क्रमाने पाहा.

एक : त्यांनी शोध जाणकारांसमोर मांडला. १९४९ साली मद्रासला भरलेल्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची गोष्ट सांगितली. तेथे कोणीही उठून शंका विचारू शकत होते.

दोन : त्यांनी तो छापला. त्यानंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात त्यावर त्यांचे लेखन प्रसिद्ध झाले. जे नियतकालिकांत आले नाही, ते त्यांनी लहान लहान पुस्तिकांच्या रूपाने स्वतः छापले. छापलेल्या कागदावर तारीख असते, आणि तो कागद लेखकाच्या ओळखीपलीकडच्या माणसाच्या हाती जातो.

तीन : त्यांनी आपल्या शोधांना नावे दिली. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला त्यांनी 'हर्षद संख्या', म्हणजे आनंद देणारी संख्या, म्हटले. १८ घ्या : १ + ८ = ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या एका प्रकाराला 'डेम्लो संख्या' हे नाव मिळाले. १२१ आणि १२३२१ या त्यांपैकीच. नाव दिले की वस्तू लक्षात राहते आणि तिच्याविषयी बोलता येते.

चार : ते शाळा-कॉलेजांतून व्याख्याने देत हिंडले आणि मुलांकडून अंकांचे खेळ करवून घेतले. लोक त्यांना 'गणितानंद' म्हणू लागले.

एवढे करूनही नाव लगेच झाले नाही. अंकांच्या या गमतीजमती म्हणजे खरे गणित नव्हे, असे अनेक भारतीय गणितज्ञांना वाटे आणि त्यांनी या कामाकडे फारसे गांभीर्याने पाहिले नाही. मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या प्रसिद्ध सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांच्या कामावर लिहिले. मग मात्र जगभरच्या वाचकांनी पेन्सिली उचलल्या. तेव्हा कापरेकर ७० वर्षांचे होते आणि ६१७४ सापडून २९ वर्षे झाली होती. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

यातील महत्त्वाचा मुद्दा असा : गार्डनरांनी कापरेकरांची पदवी पाहून त्यांच्यावर विश्वास ठेवण्याची गरजच नव्हती. त्यांना आणि त्यांच्या वाचकांना सगळे स्वतः पडताळता येत होते. संशोधकाचे नाव म्हणजे अशा पडताळण्यांची साठलेली बेरीज.

काम पोहोचले नाही तर?

कापरेकरांच्याच कामातून याचे उत्तर मिळते. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ पासून २१ + ३ = २४ मिळते. म्हणजे २४ ही २१ पासून 'जन्मली'. पण २० ही संख्या अशा रीतीने कोणत्याही संख्येपासून जन्मत नाही. ३१, ४२, ५३ यांचेही तसेच. अशा संख्यांना आपल्या गावावरून 'देवळाली संख्या' असे नाव पडले. पुढे १९७४ साली कोलंबिया देशातील एका गणितज्ञाने अमेरिकेच्या एका गणित मासिकात याच संख्यांविषयी स्वतंत्रपणे प्रश्न मांडला, आणि त्यांना 'कोलंबियन संख्या' हे दुसरे नाव चिकटले! हर्षद संख्यांचेही तसेच झाले. १९७७ साली आयव्हन निव्हन यांनी एका परिषदेत त्यांच्यावर व्याख्यान दिले, म्हणून कित्येक पुस्तकांत त्या 'निव्हन संख्या' म्हणून येतात.

यात कोणी कोणाचे चोरले असे समजू नका. एकच गोष्ट दोघांना स्वतंत्रपणे सुचणे विज्ञानात वारंवार घडते. परंतु आपले काम दूरवर पोहोचले नाही, तर दुसऱ्याला तेच पुन्हा करत बसावे लागते आणि त्याचे श्रम वाया जातात. तेव्हा आपले काम जगाला सांगणे ही बढाई नसून कर्तव्य आहे.

पत्राबरोबर काम

मोठ्या माणसाची ओळख असल्याशिवाय नाव होत नाही, असाही एक समज आहे. दोन पत्रे आठवा. जानेवारी १९१३ मध्ये मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधील कारकून श्रीनिवास रामानुजन यांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिले. जून १९२४ मध्ये ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी आईन्स्टाईनना लिहिले. दोघांचीही त्या थोरांशी ओळख नव्हती. पण रामानुजनांनी पत्रासोबत आपली प्रमेये पाठवली होती आणि बोस यांनी आपला निबंध. हार्डींनी प्रमेये तपासली. आईन्स्टाईननी निबंध वाचला, स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित केला आणि त्याच वर्षी छापवून आणला. आज विश्वातील कणांच्या एका मोठ्या वर्गाला बोस यांच्या नावावरून 'बोसॉन' म्हणतात. पत्रांत नुसती शिफारशीची विनंती असती तर ती बहुधा केराच्या टोपलीत गेली असती. ज्याला पत्र लिहायचे त्याला तपासण्यासारखे काही द्यावे, हा धडा.

आधी डंका, मग पडताळा

आता उलट उदाहरण. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेच्या युटा विद्यापीठात पॉन्स आणि फ्लाइशमन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी वार्ताहरांना बोलावून जाहीर केले, की सूर्याच्या पोटात घडणारी अणुकेंद्रांची संमीलन क्रिया त्यांनी टेबलावरच्या काचेच्या भांड्यात, साध्या तापमानाला घडवून आणली आहे. इतर शास्त्रज्ञांना तपशील वाचून तपासता येण्यापूर्वीच ही बातमी जगभर पसरली. मग अनेक प्रयोगशाळांनी तो प्रयोग करून पाहिला. दाव्याप्रमाणे निष्कर्ष येईनात. काही महिन्यांतच विश्वास ओसरला. या दोघांनी आधी केलेले चांगले कामही त्या गदारोळात झाकले गेले. प्रसिद्धी एका दिवसात मिळते. लौकिक मात्र दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत तयार होतो.

आजची साधने

आजच्या संशोधकाजवळ कापरेकरांपेक्षा कितीतरी अधिक साधने आहेत. १९९१ पासून 'अर्काइव्ह' नावाच्या संगणकीय संग्रहात भौतिकशास्त्र आणि गणिताचे निबंध छापण्यापूर्वीच सर्वांसाठी खुले ठेवता येतात. एकाच नावाचे अनेक संशोधक असले तर घोटाळा होऊ नये, म्हणून २०१२ पासून 'ऑर्किड' नावाचा १६ स्थानांचा ओळखक्रमांक मिळतो. त्यातील शेवटचे चिन्ह आधीच्या १५ अंकांवरून गणिताने काढलेले असते, त्यामुळे क्रमांक लिहिताना झालेली चूक पकडता येते.

नाव मोजण्याचा एक आकडाही आहे. २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो सुचवला. समजा, एका संशोधकाचे पाच निबंध आहेत आणि इतरांनी आपल्या लेखनात त्यांचा उल्लेख अनुक्रमे १०, ६, ४, ३ आणि १ वेळा केला आहे. यात किमान ३ उल्लेख असलेले निबंध निदान ३ आहेत. पण किमान ४ उल्लेख असलेले निबंध ४ नाहीत. म्हणून त्याचा 'एच-निर्देशांक' ३. आकडा सोयीचा खरा, पण अपुरा. खासगीरीत्या छापलेल्या पुस्तिकेला अशा मोजणीत सहसा जागा नसते. शिवाय आकडा वाढवण्याच्या हव्यासाने काहीजण एकाच कामाचे तुकडे करून चार निबंध छापतात, आणि पैसे घेऊन न तपासताच निबंध छापणारी नियतकालिकेही निघाली आहेत. उष्णतामापकाची कांडी तळहाताने चोळून पारा वर चढवला, म्हणून ताप आला असे होत नाही.

आणि जनसामान्यांतील लौकिक? डॉ. जयंत नारळीकरांनी (१९३८–२०२५) विश्वरचनाशास्त्रात काम केले आणि बरोबरीने मराठीत विज्ञानकथा व लेख लिहिले. १९९६ साली त्यांना युनेस्कोचे कलिंग पारितोषिक मिळाले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. मग उत्तर आणि त्याखाली सही, असे कार्ड मुलाच्या घरी येई.

शिरूर–दौंडची वही

आता मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे वळू. इथे बसून काय करता येईल? शिरूर घोडनदीच्या काठी, दौंड भीमेच्या काठी. दोन्ही तालुक्यांत शेती बऱ्याच अंशी विहिरींवर आहे. एखाद्या विहिरीच्या कठड्यावर रंगाने खूण करा आणि तेथून पाण्यापर्यंतचे अंतर दर पंधरवड्याला मोजा. घरच्या मोठ्या माणसाला बरोबर घ्यावे. एकट्याने विहिरीवर जाऊ नये. मोजणी पंप सुरू होण्यापूर्वी करावी, म्हणजे उपशाचा परिणाम कमी राहील. प्रत्येक वेळी तीनदा मोजून तिन्ही आकडे लिहावेत. नुसती सरासरी लिहू नये. वहीत तारीख, वेळ, टेपचा प्रकार आणि मदत करणाऱ्याचे नाव असावे. एखादे मोजमाप चुकले असे वाटले, तर ते खोडू नये. त्यापुढे शेरा लिहावा.

वर्षभराने शिरूरच्या विद्यार्थ्याने आपली वही दौंडच्या विद्यार्थ्याला द्यावी आणि त्याची आपण घ्यावी. एकमेकांच्या विहिरीवर जाऊन, केवळ वहीतील कृती वाचून, मोजता येते का ते पाहावे. आकडे जुळले तर तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात दोघांनी मिळून काम मांडावे. जुळले नाहीत तर का जुळले नाहीत ते शोधावे, तेही संशोधनच. ज्या दिवशी दौंडचा मुलगा म्हणेल, "शिरूरच्या त्या मुलीच्या वहीत आकडा आहे ना, मग तो बरोबर असणार," त्या दिवशी त्या मुलीचे संशोधक म्हणून नाव झाले असे समजावे.

करून पाहा

१. तुमच्या जन्मसालापासून किती पायऱ्यांत ६१७४ येते? वर्गातील सर्वांची उत्तरे एका तक्त्यात मांडा.
२. तीन अंकी संख्यांवर हीच क्रिया केल्यास शेवटी कोणती संख्या येते?
३. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. अशा संख्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात. ५५, २९७ आणि ७०३ या संख्या तशाच आहेत का ते तपासा.
४. १०० पर्यंतच्या सर्व देवळाली संख्या शोधा.
५. वरील एका प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने लिहा, की हा लेख न वाचलेल्या मित्राला ते तुमच्या मदतीशिवाय तपासता यावे. मग ती वही त्याला द्या, आणि तो तपासत असताना मधे बोलू नका.