ओडी ग्रंथालय: काय फुकट, कशाला पैसे

हेलसिंकीच्या ओडी ग्रंथालयात शिरायला तिकीट नाही, सभासद असण्याची अट नाही. सार्वजनिक ग्रंथालयातली पुस्तकं वापरणं आणि घरी नेणं मोफतच असलं पाहिजे, असा फिनलंडचा कायदा आहे. मुलाकडे-मुलीकडे तिकडे निघालेल्या आई-वडिलांनी म्हणूनच तासाभरात उरकू नये, चांगला अर्धा दिवस हाताशी ठेवावा. मध्यवर्ती रेल्वे स्थानकातून चालत गेलं की झालं. टॅक्सीवर पैसे घालवू नका.

लगेच आत शिरू नका. समोरच्या चौकात संसद भवनाकडे पाठ करून उभं राहा. स्प्रूसच्या फळ्यांची ती भिंत सरळ नाही. ती फुगत पुढे येते आणि प्रवेशद्वारावर कमानीसारखी झुकते. खाली जाऊन मान वर करा. 33 मिलिमीटर जाडीच्या फळ्या वळणाला बेतून एकीला एक भिडवल्या आहेत. इतकं नेटकं सुतारकाम मोठ्या इमारतीवर क्वचितच दिसतं.

मात्र भार पेलतं ते पोलाद. इमारतीखालून बोगदा नेण्याची सोय ठेवायची होती, म्हणून शंभर मीटरहून लांब पोलादी कमानींवर सगळा डोलारा उभा आहे. मधल्या मजल्यावरच्या खोल्या या सांगाड्याच्या फटींत बसवल्या आहेत. लाकूड हे या इमारतीचं अंगावरचं कातडं. पण माणूस हात लावतो तो त्यालाच, आणि म्हणून त्यावरचा खर्च मला सार्थ वाटतो. 'एएलए आर्किटेक्ट्स'ची ही रचना डिसेंबर 2018 मध्ये खुली झाली. एकूण खर्च 9 कोटी 80 लाख युरो. त्यातले 3 कोटी सरकारने दिले, बाकीचे शहराने.

वरच्या मजल्यावर पुस्तकं, लहान मुलांचा विभाग आणि दोन्ही टोकांना चढत जाणारी जमीन. नातवंडं बरोबर असतील तर थेट इथे या. बसायला, वाचायला, स्वच्छतागृहाला कशालाच पैसे नाहीत.

खिशात हात जातो तो तळमजल्यावरच्या उपाहारगृहात आणि कीनो रेगीना या चित्रपटगृहात. मधल्या मजल्यावर शिवणयंत्रं आहेत, ती वापरायला पैसे पडत नाहीत. कापड आपलं न्यायचं. मोठ्या आकाराची छपाई करायची तर साहित्याचे पैसे भरावे लागतात. यंत्रांची वेळ आधी नोंदवा, ऐनवेळी मिळेलच असं नाही.

तिथेच राहत असाल तर ग्रंथालयाचं कार्ड काढा. तेही मोफत. त्याच कार्डावर एस्पो, वान्ता आणि कौनिआइनेनच्या ग्रंथालयांतूनही पुस्तकं नेता येतात. पुस्तक हरवलं तर भरपाई द्यावी लागते.