शेवटची फेंक

सामना हरला कीं तो कोणामुळें हरला याचा शोध त्याच सायंकाळीं सुरू होतो. आपल्या शाळेच्या मैदानावरहि हें दिसतें. गोलरक्षकाचें किंवा शेवटच्या फलंदाजाचें नांव एकदां घेतलें कीं बाकीचे दहा जण सुखानें जेवावयास बसतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा शोध फार मोठ्या प्रमाणावर चालतो, आणि तेथें आरोपी बहुधा आधींच ठरलेला असतो. त्यास क्वार्टरबॅक म्हणतात. हंगामाच्या अखेरच्या बाद सामन्यांत संघ हरला, कीं "क्वार्टरबॅकनेंच घात केला" म्हणणारा एक पक्ष आणि "त्या एकट्याचा काय अपराध?" म्हणणारा दुसरा, असे दोन पक्ष घरोघर भांडूं लागतात. वाद पोरकट दिसतो खरा, पण कारण कशास म्हणावें आणि दोष कशास म्हणावें हा विचार त्यांत चांगला शिकतां येतो, म्हणून तो येथें घेतला आहे.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. त्याचा चेंडू लांबट असून तो बहुतेक वेळ हातांतच असतो. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी, आणि दोन गोलरेषांमधील अंतर १०० यार्ड. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्यास चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यांत दहा यार्ड पुढें सरकलें कीं पुन्हां चार. चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे नेला म्हणजे टचडाउन होऊन सहा गुण मिळतात; लाथेनें खांबांमधून मारल्यास तीन. बहुतेक प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. त्यानें चेंडू धावणाऱ्या गड्याच्या हातीं द्यावा, दूर पळालेल्याकडे फेंकावा, किंवा स्वतः घेऊन पळावें. फेंकलेला चेंडू कोणींच झेलला नाहीं तर तो प्रयत्न फुकट जातो, परंतु घड्याळ थांबतें. प्रतिपक्षानें झेलला तर चेंडूच त्यांचा होतो. घड्याळाची ही गोष्ट लक्षांत ठेवावी, पुढें तिचें काम पडणार आहे. आणखी एक गोष्ट अशी कीं, प्रतिपक्षाकडे चेंडू असतांना क्वार्टरबॅक मैदानांत नसतोच. बचावाचे अकरा गडी निराळे असतात, आणि हा कडेस उभा राहून पाहत असतो. वादाच्या भरांत पुष्कळांस याचा विसर पडतो.

आतां एक प्रसंग पाहूं. १ फेब्रुवारी २०१५ रोजीं ॲरिझोना संस्थानांतील ग्लेंडेल येथें सुपर बोल नांवाचा अजिंक्यपदाचा सामना सिॲटल सीहॉक्स व न्यू इंग्लंड पेट्रियट्स यांमध्यें झाला. अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला असतां सिॲटलचा संघ २४-२८ असा मागें होता, पण चेंडू गोलरेषेपासून अवघ्या एका यार्डावर होता. दुसरा प्रयत्न व्हावयाचा होता, म्हणजे तीन संधि हातीं होत्या. मार्शान लिंच हा बैलासारखा बळकट धावणारा जवळच उभा होता, आणि चेंडू त्यासच मिळणार असें बहुतेकांनीं गृहीत धरलें होतें. क्वार्टरबॅक रसेल विल्सन यानें तो रिकार्डो लॉकेटकडे फेंकला. माल्कम बटलर नांवाचा एक नवखा गडी, ज्यास वार्षिक निवडीच्या वेळीं कोणत्याच संघानें घेतलें नव्हतें, तो मध्यें घुसला आणि चेंडू त्याच्या हातीं गेला. वीस सेकंद उरले होते. सामना जवळजवळ तेथेंच संपला.

विल्सनचा दोष ? प्रथम हें पाहावें कीं ती चाल त्यानें निवडलीच नव्हती. आक्रमणाचे प्रशिक्षक डॅरेल बेव्हेल यांनीं ती सांगितली आणि मुख्य प्रशिक्षक पीट कॅरोल यांनीं ती चालूं दिली. कॅरोल यांनीं सामन्यानंतर जबाबदारी स्वतःकडे घेतली. विल्सननेंहि चेंडू मीच फेंकला म्हणून दोष माझा, असें सांगितलें. बेव्हेल यांनीं मात्र लॉकेटनें चेंडूवर अधिक जोरानें जावयास हवें होतें असें सुचविलें. वरिष्ठानें हाताखालच्या गड्याविषयीं असें बोलणें आम्हांस तरी शोभलेलें दिसत नाहीं.

बरें, ती निवड तरी मूर्खपणाची होती काय ? २६ सेकंद आणि खेळ थांबविण्याची एकच सवलत, एवढेंच सिॲटलपाशीं शिल्लक होतें. धावून पाहिलें आणि अडलें, तर ती सवलत खर्च होणार. दुसऱ्यांदां धावून अडलें तर घड्याळ चालूच राहून तिसरी संधि हातची जाण्याचा धोका. मध्यें एक फेंक घातली आणि ती फुकट गेली तर घड्याळ आपोआप थांबतें, व तीनहि संधि वापरतां येतात. हा हिशेब सरळ आहे. शिवाय त्या हंगामांत सर्व संघांनीं मिळून एका यार्डावरून १०८ फेंकी केल्या होत्या आणि त्यांपैकीं एकहि प्रतिपक्षाच्या हातीं गेली नव्हती. उलट लिंच एका यार्डावरून पांच वेळां धावला असतां एकदांच पार झाला होता. तेव्हां निर्णय घेण्याच्या क्षणीं जें ठाऊक होतें त्यावरून पाहिलें तर निर्णय वेडा ठरत नाहीं. तो वेडा ठरला तो वीस सेकंद उरल्यावर.

मग चुकलें काय ? पेट्रियट्सच्या सरावांत हीच चाल बटलरवर चालविली गेली होती व तेव्हां तो फसला होता. म्हणून या वेळीं त्यानें ती ओळखली. त्याच्या वाटेंत येण्याचें काम जर्मेन कर्सचें होतें, त्यास ब्रँडन ब्राउनरनें जागींच रेटून धरिलें. यांतील कोणतीच गोष्ट विल्सनच्या हातची नव्हती. त्याच्या पदरीं एवढेंच येतें कीं चेंडू लॉकेटच्या अंगाशीं न जातां किंचित् पुढें गेला. तो दोष खरा आहे. पण तो वीतभर आहे, आणि लोकांनीं त्याचा डोंगर केला. याच विल्सनच्या संघाकडे चौथ्या भागाच्या आरंभीं दहा गुणांची आघाडी होती, आणि ती त्या काळच्या सर्वोत्तम मानलेल्या बचावानें गमावली, हें कोणाच्या तोंडीं आलें नाहीं.

याहून बोलकी गोष्ट दुसऱ्या बाजूची आहे. त्याच दिवशीं पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याच्या दोन फेंकी प्रतिपक्षानें पकडल्या होत्या. एक गोलरेषेपाशीं, दुसरीनंतर लगेच सिॲटलनें टचडाउन केला. विल्सनची एकच गेली होती. तरी सामन्यांतील सर्वोत्तम खेळाडूचा मान ब्रेडीस मिळाला, आणि एकंदर कामगिरी पाहतां तो अयोग्यहि नव्हता. मात्र बटलर पाऊलभर मागें राहिला असता तर ब्रेडीच्या त्या दोन फेंकींवर वर्षभर चर्चा झाली असती. चुकी तीच राहते; तिचें वजन धावफलक ठरवितो.

दोष देणारांचा एक मुद्दा मात्र बळकट आहे. क्वार्टरबॅक संघांत बहुधा सर्वांत अधिक वेतन घेतो, जिंकल्यावर छायाचित्र त्याचें छापतात, आणि जय-पराजयांची गणति त्याच्या नांवावर मांडतात; मग हरल्यावर त्यानें मागें कां व्हावें ? आम्हांस वाटतें, यावरून दोष पुरा सिद्ध होत नाहीं. जयाच्या दिवशीं दिलेलें श्रेयहि फाजील होतें, एवढेंच सिद्ध होतें.

क्वार्टरबॅक कधींच दोषी नसतो, असें आमचें म्हणणें नाहीं. १२ जानेवारी १९६९ रोजीं बाल्टिमोर कोल्ट्सचा अर्ल मोरॉल, जो त्या हंगामाचा मानकरी ठरला होता, त्याच्या तीन फेंकी पहिल्या अर्धांतच न्यू यॉर्क जेट्सनें पकडल्या. तिसऱ्या वेळीं त्याचा सोबती जिमी ऑर गोलरेषेजवळ अगदीं मोकळा उभा राहून हात हालवीत होता. मोरॉलच्या दृष्टीस तो पडला नाहीं. संघ ७-१६ असा हरला. येथें दोष आहे आणि तो मोठा आहे. तरी त्यांतली एक फेंक सोबत्याच्या खांद्यावर आपटून उडाली होती, हेंहि न्याय करणारानें विसरूं नये.

दुसरें टोंक २३ जानेवारी २०२२ चें. बफेलो बिल्सच्या जॉश ॲलननें कॅन्सस सिटीविरुद्ध चार टचडाउन-फेंकी केल्या, एकहि प्रतिपक्षास दिली नाहीं, आणि १३ सेकंद उरले असतां संघास ३६-३३ असें पुढें ठेविलें. तेवढ्या वेळांत बचावानें ४४ यार्ड दिले आणि बरोबरी झाली. जादा वेळेच्या नाणेफेकींत कॅन्सस सिटी जिंकली, तिनें पहिल्याच चढाईंत टचडाउन केला, आणि तेव्हांच्या नियमानें सामना ४२-३६ असा संपला. ॲलनच्या हातास चेंडू लागलाच नाहीं. दोन महिन्यांनीं, मार्च २०२२ मध्यें, बाद सामन्यांत दोन्ही पक्षांस एकदां तरी चेंडू मिळावा असा नियम करण्यांत आला.

लेवीय पुस्तकांत प्रायश्चित्ताच्या दिवसाचा जो विधि आहे, त्यांत मुख्य याजक जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांचीं पापें कबूल करी व मग त्यास अरण्यांत सोडीत. त्यांत निदान कबुली होती. पापें आमचीं आहेत असें म्हणूनच तीं बकऱ्यावर घालीत. प्रेक्षक तेवढी कबुली गाळतात आणि बकरा मात्र हांकलतात.

सर्वच प्रेक्षक असे नसतात. बफेलो शहरानेंच तें एकदां दाखविलें. २७ जानेवारी १९९१ रोजीं सुपर बोलमध्यें आठ सेकंद उरले असतां स्कॉट नॉर्वुड यास ४७ यार्डांवरून लाथ मारावयाची होती. चेंडू उजव्या खांबाबाहेरून गेला, आणि बफेलोचा संघ १९-२० असा एका गुणानें हरला. दुसऱ्या दिवशीं नगरभवनासमोर हजारों लोक जमले. नॉर्वुड इतर खेळाडूंच्या मागें उभा होता. गर्दीनें त्याच्या नांवाचा घोष सुरू केला; तो थांबेना, तेव्हां त्यास पुढें यावें लागलें. बोलतांना त्याचा कंठ दाटून आला होता. पुढील हंगामांतहि त्याच संघानें त्यास ठेविलें, आणि १२ जानेवारी १९९२ रोजीं बफेलोनें डेन्व्हरचा १०-७ असा पराभव करून पुन्हां अंतिम सामना गांठला. त्या दहा गुणांतील तीन नॉर्वुडनें ४४ यार्डांवरून मारलेल्या लाथेचे होते.