अल्प विजेवर चालणाऱ्या मंडलांसाठी विद्युत्दाबाची निवड

टाकीतील पाणी कमी होताच लाल दिवा लावणारे उपकरण सातवीच्या मुलांनी मोठ्या हौसेने तयार करावे, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ते मुके व्हावे, असे पुष्कळदा घडते. मुलांना वाटते, आपली जोडणीच चुकली. वस्तुतः जोडणी निर्दोष असते. चूक असते ती विद्युत्दाबाच्या निवडीत.

अशा उपकरणात बहुधा ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिचा दाब ५ व्होल्टवर आणणारा ७८०५ क्रमांकाचा नियामक असतो. उरलेले ४ व्होल्ट तर हा नियामक उष्णतेच्या रूपाने वाया घालवतोच. शिवाय स्वतःच्या निर्वाहासाठी अहोरात्र सुमारे ५ मिलिअँपिअर प्रवाह घेतो. बॅटरीची धारणा सुमारे ५०० मिलिअँपिअर-तास. म्हणजे दिवा एकदाही न लागता ती १०० तासांत संपावयाची! धन्यापेक्षा पहारेकऱ्यानेच अधिक खावे, तसा हा प्रकार होय.

एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर १.८ ते ५.५ व्होल्टपर्यंत चालतो. दाब १.८ इतका उतरला, तर त्याची गती ४ मेगाहर्ट्‌झपेक्षा अधिक ठेवता येत नाही. परंतु टाकीवर नजर ठेवण्यास १ मेगाहर्ट्‌झही पुष्कळ झाला. त्याच्या अंतर्गत स्विचिंगला लागणारी शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ५ चा वर्ग २५, ३ चा ९. म्हणून गती तीच ठेवून ५ ऐवजी ३ व्होल्ट दिल्यास ही शक्ती ३६ टक्क्यांवर येते. वर्गसंख्यांचा पाठ चालू असता हे उदाहरण फळ्यावर अवश्य घ्यावे.

तेव्हा नियामक काढून दोन पेन्सिल सेल एकसर जोडावेत. नवे असता ते ३ व्होल्टहून किंचित अधिक दाब देतात, आणि २ व्होल्टपर्यंत उतरले तरी मायक्रोकंट्रोलर चालू राहतो. लाल एलईडीला २ व्होल्टच्या आसपास पुरतात. पांढरीला सुमारे ३ लागत असल्याने ती लवकर मंदावते. डीएचटी ११ हा आर्द्रतामापक मात्र ३ व्होल्टखाली चालत नाही. तो जोडल्यास तीन सेल घ्यावेत.

तीन व्होल्ट बटन-सेलमधूनही मिळतात, व तो दिसावयास सुबक. परंतु लहान मुलाने गिळल्यास तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांत गंभीर जखम करू शकतो. प्राथमिक शाळेत तो वापरूच नये. उपकरणात आधीच असल्यास पेटी स्क्रूने बंद करावी, आणि जुने सेल शिक्षकांनी मोजून परत घ्यावेत. गिळल्याची नुसती शंका आली तरी मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.