माइक चावतो तेव्हा

कोजागरीची रात्र, सोसायटीची गच्ची, समोर साठ-सत्तर खुर्च्या. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यातच गायिकाबाई एकदम मागे सरल्या आणि ओठांवर बोटं ठेवून म्हणाल्या, “अहो, माइक चावतोय!” लोक हसले. साउंड सांभाळणारा प्रस्तुत लेखकही हसला. त्या हसण्याची त्याला अजून लाज वाटते.

त्याने बाईंच्या हातातून माइक घेऊन पाहिला. पायात रबरी चप्पल, त्यामुळे त्याला काहीच जाणवलं नाही. “दव पडलंय, दुसरं काही नाही,” असं म्हणून त्याने माइकला स्पंजची टोपी चढवली आणि कार्यक्रम पुढे रेटला. बाई अनवाणी होत्या, ओल्या फरशीवर. तिसऱ्या गाण्याला त्यांनी हात झटकून माइक टाकलाच. दुधाच्या पातेल्याजवळून सेक्रेटरींनी निकाल दिला: “यांचं सामानच जुनं आहे.” सामानाला दोन वर्षंही झालेली नव्हती. पावत्या आहेत.

रात्री एक वाजता स्वयंपाकघराच्या ओट्यावर तपासणी सुरू झाली. मिक्सर ठीक, स्पीकरच्या कॉर्ड ठीक. नवा होता तो फक्त त्याच दिवशी दुपारी आणलेला दहा मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड. मल्टिमीटरचं एक टोक टॉपच्या जाड, लांब अर्थ पिनला लावलं, दुसरं बोर्डाच्या वरच्या मोठ्या भोकात घातलं. बझर गप्प. पुन्हा लावून पाहिलं, तरी गप्प. मग ब्लेडने वायरच उभी चिरली. गुबगुबीत काळ्या वेष्टनाखाली दोनच वायरी निघाल्या, लाल आणि काळी. हिरवी तुटली नव्हती की सुटली नव्हती. ती मुळात घातलेलीच नव्हती! टॉपची तिसरी पिन शोभेची आणि बोर्डाचं तिसरं भोकही शोभेचं. लाल वायरीची एक तार खरवडली तर वरचं तांबं निघून आत चंदेरी अ‍ॅल्युमिनियम.

मिक्सरच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याच्या अंगाला जोडलेले असतात आणि त्यांतून झिरपणारा किंचित करंट अर्थमधून निघून जातो. अर्थ नसली की पत्रा 230 व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो. माइकच्या केबलचं शिल्ड त्याच पत्र्याला जोडलेलं, माइकचं धातूचं अंग त्या शिल्डला. त्या रात्री करंटला वाट मिळाली ती बाईंच्या ओठांतून गच्चीत. करंट नगण्य, म्हणून नुसत्या झिणझिण्या. आत एखादी फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली असती, तर सगळे 230 व्होल्ट तिथे आले असते. 3 मे 1972 रोजी वेल्समधल्या स्वान्झीत ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी मंचावरच गेला. अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता.

दुसऱ्या दिवशी लेखक चिरलेली वायर घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “काका, सगळे हेच नेतात. मोबाइल, फॅनला मस्त चालतं.” मग टॉप तीन पिनांचा कशाला? “पॅकिंगच तसं येतं.” आणि आयएसआयचा शिक्का? तो होता, पण टॉपवर. वायरीवर कुठेच नव्हता. वायर कापली म्हणून पैसे परत नाहीत. न कापता आतलं कसं दिसणार होतं, ते त्याने सांगितलं नाही. बदली म्हणून फळीवरचा तसाच दुसरा बोर्ड मात्र पुढे सरकवला.

तेव्हा तयार बोर्ड घेऊच नये, हे लेखकाचं पहिलं सांगणं. त्याने पुण्याच्या तपकीर गल्लीतून तीन कोरची, दीड चौरस एमएमची तांब्याची लवचीक वायर आणून बोर्ड स्वतः बांधला. चांगल्या वायरीच्या अंगावरच आकार, आयएस 694, आयएसआयचा शिक्का आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळता येतो. टॉप बांधताना हिरवी वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे ओढाताणीत ती शेवटी सुटते. टॉपमधली वायर धरणारी पट्टी बाहेरच्या वेष्टनावरच आवळावी.

जाडीत काटकसर नको. 0.75 चौरस एमएमच्या 30 मीटर तांब्याच्या वायरीतून 8 अँपिअर ओढले तर सुमारे 12 व्होल्ट वाटेतच जातात आणि जवळजवळ 100 वॅट उष्णता वायरीतच निघते. दीड चौरस एमएमला हे निम्म्यावर येतं. रीळ असेल तर पूर्ण उलगडावं. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असेल तर सगळा हिशोब आणखी दीडपटीने बिघडतो.

स्पीकरमधून घूं आवाज येतो म्हणून अर्थची पिन कापायला सांगणारा तज्ज्ञ प्रत्येक मांडवात भेटतो. त्याला चहा पाजावा आणि टॉपपासून लांब बसवावं. त्या आवाजाचा इलाज ऑडिओच्या बाजूला, डीआय बॉक्सवरच्या ग्राउंड लिफ्टच्या बटणात असतो. सामानाला वीज देणारे पॉवरकॉन कनेक्टर असतील, तर निळा वीज आत घेणारा, करडा पुढे देणारा. हा जुना प्रकार चालू लोडवर काढायचा नसतो. गळती होताच वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी सोबत ठेवावी. ओलं टाळा, उघडे सांधे ठेवू नका वगैरे सगळ्यांना पाठ असतंच. परक्या ठिकाणी आधी सॉकेटमध्ये फेज आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजावं. ते फेज-न्यूट्रलइतकं आलं नाही, तर तिथली अर्थ नावालाच आहे.

यंदाच्या कोजागरीला सोसायटीने साउंड बाहेरून आणला. त्या पोराने वायरीची टोकं सोलून थेट सॉकेटमध्ये खोचली होती, वर आगपेटीच्या काड्या. लेखकाने सेक्रेटरींना दाखवलं. ते म्हणाले, “शॉक मागच्या वर्षी बसला होता ना, तुमच्या माइकचा?” लेखक मुकाट खाली जाऊन आपल्या पिशवीतला थ्री पिन टॉप आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. पोराने टॉप लावला, कार्यक्रम पार पडला. तो टॉप अजून परत आलेला नाही.