गाडी सोडायला शिक

चिखली,
रविवार

चि. माईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडवेली झालीस. आठची फास्ट डोळ्यांदेखत गेली, पळालीस तरी चढायला मिळालं नाही आणि वर ऑफिसात बोलणी खाल्लीस. दादा शेजारीच बसला होता म्हणून तेव्हा गप्प बसले. त्यानं ऐकलं असतं तर दुसऱ्याच दिवशी तुला परत बोलावलं असतं. म्हणून हे पत्र. बावीस वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी केलंय मी, तेवढा अधिकार आहे.

आपल्याला पळायची सवय कुठून लागली ते आधी बघ. आपल्याकडे एसटी चुकली की दिवस गेला. खेड्यातून तालुक्याला यायला सकाळची एक, संध्याकाळी मुक्कामाची एक. खामगाव-जालना रेल्वेची वाट तर आपण इंग्रजांच्या काळापासून बघतोय. बुलढाण्याहून आगगाडी धरायची तर अजूनही राजूर घाट उतरून, मोताळ्यावरून मलकापूर गाठावं लागतं. त्यामुळे गाडी दिसली की पळायचं, खिडकीतून रुमाल नाहीतर पिशवी आत टाकायची, कंडक्टरनं बेल मारली तरी दांडी धरायचीच, हे आपल्या अंगात भिनलंय. मुंबईत हीच सवय जिवावर बेतते. लोकलच्या खिडक्यांना गज असतात, आणि रुमालाला तिथे कुत्रं विचारत नाही.

मी कशी शिकले ते सांगते. नोकरीचा पहिला महिना. जिना उतरता उतरता गाडी हलताना दिसली आणि मी धावले. एक हात दांडीला, एक पाय वर, दुसरा फलाटावर घसटतोय. मागून कुणीतरी माझी वेणी धरून असं काही ओढलं की मी फलाटावर पाठ टेकली. चप्पल रुळात गेली. उठून बघते तर भाजीची पाटी घेतलेली एक म्हातारी. मला म्हणाली, "मेली असतीस तर पुढची गाडी कुणी पकडली असती?" पुढची चौथ्या मिनिटाला आली. तीत मी एका पायात चप्पल घालून गेले. ऑफिसात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मरणाची भीती घालू नये पोरीबाळींना, पण तुझ्याच वाटेवरची गोष्ट आहे म्हणून सांगते. दिवा आणि कळव्याच्या मध्ये मुंब्र्याचं वळण लागतं. आमच्या वेळी फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. बोगदा १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरच्या वर लांब. त्यात गाडी शिरली की बोलणं ऐकू यायचं नाही, बायका तोंडातला शब्द तसाच धरून ठेवायच्या आणि पलीकडे निघाल्यावर पुढे चालू करायच्या. २०२२ पासून फास्ट लोकल मुंब्र्यावरून जातात. ९ जून २०२५ ला, सोमवारी सकाळी, त्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली. चौघं त्याच दिवशी गेले. दारातली हवा कितीही गार लागो, तू आत सरक.

आत सरकलं की उतरायला मिळणार नाही, ही तुझी भीती खरी आहे. लोकलमध्ये चढण्यापेक्षा उतरणं अवघड. त्यासाठी तोंड वापरायचं. आपण वऱ्हाडातली माणसं घरात तोफ आणि बाहेर मुखदुर्बळ. तुला कुर्ल्याला उतरायचंय, तर समोरच्या बाईला सरळ विचार, "कुर्ल्याला उतरणार का?" ती हो म्हणाली की तिच्या मागे उभी राहा, नाही म्हणाली की जागा बदलून घे. घाटकोपर सुटलं की दारापाशी, आणि फलाट कोणत्या बाजूला येतो ते आधीच विचारून ठेव. सॅक पाठीवर नको, पोटावर. ओढणीला गाठ मार. बसायचं असेल तर बसलेलीला "कुठं उतरणार?" विचारून तिची जागा बोलून ठेवायची. तिथे हा उद्धटपणा समजत नाहीत. तिघींच्या बाकावर चौथी सीट मागायलाही लाजू नकोस, अर्धं बूड टेकलं तरी पाय वाचतात.

आणि रोज एकाच डब्यात, एकाच दारानं चढ. महिन्याभरात बायका ओळखू लागतील. माझ्या डब्यात संध्याकाळी गवार निवडली जायची, दसऱ्याला डब्याला तोरण लागायचं, संक्रांतीला हळदीकुंकू व्हायचं. तुझ्या आजीच्या आजारपणात सहा दिवस गेले नाही, तर सातव्या दिवशी चार जणींनी हटकलं. शेजाऱ्यांनी तेवढं विचारलं नव्हतं.

एवढ्या लोंढ्यात आपण कोण, असं वाटतं खरं. २०११ च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात पंचवीस लाख शहाऐंशी हजार माणसं होती. तिथल्या लोकलमधून रोज साठ लाखांच्या वर माणसं जातात. म्हणजे आपला जिल्हा दोनदा उचलून रुळांवर ठेवलाय असं समज. त्यात कुणी धक्का दिला तर तो तुला म्हणून दिलेला नसतो. मुद्दाम हात लावणारा मात्र कळतो बाईला. तिथे गप्प बसायचं नाही, आवाज चढवायचा.

कुर्ल्याहून बीकेसीला, तुझ्या ऑफिसकडे, शेअर रिक्षा मिळते, बसही मिळते. पहिले काही दिवस रिक्षात बस, नंतर बसचे नंबर पाठ कर. रविवारी फिरायला निघण्याआधी मेगाब्लॉक कुठला आहे ते बघत जा. दादरला पश्चिम रेल्वेचे फलाट एक ते सात, मध्यचे आता आठ ते चौदा. जुनी माणसं तुला जुनेच आकडे सांगतील, इंडिकेटरवर विश्वास ठेव.

पावसाचं तेवढं लिहून थांबते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. आपल्याकडे सबंध पावसाळ्यातही सहसा एवढा पडत नाही. त्या रात्री आम्ही सात-आठ जणी ऑफिसातच राहिलो, टेबलांवर झोपलो, बिस्किटं वाटून खाल्ली. ज्या निघाल्या त्यांतली एक रुळांवरून चालत दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचली. तुझं ऑफिस मिठी नदीच्या कडेला आहे. पाणी भरतंय असं दिसलं की पर्स घेऊन निघू नकोस. पर्समध्ये एक राजगिऱ्याची वडी आणि चार्जर असू दे. घरी आईला फोन कर आणि मुक्काम टाक.

साहेबांना सांग की उद्यापासून एक गाडी आधीची धरीन, आणि खरंच धर. मग एखादी सुटली तरी जीव टांगणीला लागणार नाही. पाच-सहा महिन्यांनी तूच फलाटावर उभी राहून भरलेली गाडी जाऊ देशील आणि पुढचीकडे बघशील, तेव्हा मला फोन कर.

दिवाळीला विदर्भ एक्स्प्रेसनं ये. ती डोंबिवलीला थांबत नाही, कल्याणहून धर. मलकापूरला ती रात्री-अपरात्री उतरवते, दादा जीप घेऊन येईल. आणि ती मात्र चुकवू नकोस बाप्पा, ती दिवसातून एकच आहे.

तुझी
आत्या